अकरा सेकंद

भुसावळात बर्फ म्हणजे
मिठाच्या पाण्यात बुडवलेले डबे, अमोनियाचा वास,
भुशात गुंडाळून रिक्षात चढवलेली लादी,
जी जामनेर रोडला पोचेस्तोवर पाऊण होते.
बावीस वर्षं मी तिचा हिशेब लिहितो.
घट किती, एवढंच मला कळतं.

हॉकी कळत नाही. त्यात बर्फावरची तर
आमच्यापैकी कुणालाच नाही.
तरी सांगतो:
गँगमन लुकमान तडवींची नजमीन
लेहच्या शिबिरात निवडली गेली.
सोळाची. डावखुरी.
रेल्वेच्या बंद पडलेल्या स्केटिंगच्या ओट्यावर
उसनी चाकं बांधून शिकली,
गुडघ्यांना केळीच्या खोक्याचा पुठ्ठा.
आता चाकांच्या जागी पातं.

तिच्या खेळाचा एकच व्हिडिओ आमच्याकडे आहे,
अकरा सेकंदांचा.
पहिले चार ती पाठमोरी.
पाचव्याला धडक, आडवी.
सातव्याला उठते,
आणि नवव्याला ती काळी चकती
दोघींच्या पायांमधून देते कुठेतरी.
कुठे, ते दिसत नाही. कॅमेरा हलतो,
कुणीतरी ओरडतं.
आम्ही ठरवलंय, गोल झाला.

भंगाळे मास्तर म्हणतात, पास होता,
मास्तरांशी तीन दिवस कुणी बोललं नाही.
धनसिंग हमाल म्हणतो,
तीस वर्षांत अशी मुसंडी पाह्यली नाही बापा;
तीस वर्षांत त्याने या खेळातलं
काहीच पाहिलेलं नाही, पण ते कोण बोलणार?
सावद्याचे प्रल्हाद नेहते केळीचा ट्रक भरता भरता
बूट कबूल करून गेले. नंबर विचारायचा राहिला.
स्टेशनसमोरच्या गोळेवाल्याने
काळ्या खट्ट्याचं नाव बदललं: नजमीन स्पेशल.
यंदा नाही तर पुढच्या साली कॅप्टन, असं कुणी म्हटलं की
दुसरा उसळतो, पुढच्या साली काहून? यंदाच!

आणि पोरं.
दुपारी चारला कारखान्याच्या दाराशी येतात,
काका, तुकडा द्या.
खराट्याचे दांडे, तुरीच्या काड्या, एकाकडे छत्री,
डांबरावर बर्फाचा तुकडा सोडतात
आणि तुटून पडतात त्याच्यावर.
पंच नाही, शिट्टी नाही.
तुकडा विरघळला की सामना संपला.
मार्चात सात मिनिटं. एप्रिलमध्ये
गोल व्हायच्या आतच रस्ता ओला.

ती आली तेव्हा पंजाब मेल दोन तास लेट होती.
आम्ही हार सावलीत धरून उभे.
वरच्या ओठाला तीन टाके,
पाठीवर तिच्याहून मोठी पिशवी.
एवढे लोक बघून
ती आधी मागे वळून पाहू लागली,
कुणासाठी आलेत म्हणून.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात आली, एकटीच.
लादीवर तळवा ठेवून उभी राहिली बराच वेळ.
हा पांढरा आहे काका, म्हणाली,
मधे हवा अडकलीये. तिथला काळा असतो.
वरून चाललं की खालचं पाणी दिसतं.
मी विचारलं, भीती?
म्हणाली, रोज.
मग जरा थांबून,
तो गोल नव्हता. पास पण चुकला होता.
सांगू नका पण.

मी नाही सांगितलं.
मास्तरांनाही नाही.

बाहेर पोरांनी तिला घेरलं.
साध्या स्लिपरा पायात, हातात कुणाचा तरी खराटा,
तिने तुकडा अलगद ढकलला,
पुढच्या पोराने मारला तो
थेट टँकरच्या चाकाखाली.
सगळे एकदम गप्प.
ती वळली, दाराकडे बघून हात पुढे केला.
मी टोच्याने नवा फोडला, बरासा मोठा,
आणि वहीत तो कुठेच लिहिला नाही.